एका गुणाचं प्रकरण: भूकंप फक्त पृथ्वीवरच होतात का?

प्रश्न चौथा. चूक की बरोबर ते लिहा: भूकंप फक्त पृथ्वीवरच होतात.

भाचीने लिहिलं होतं, 'चूक'. त्यावर लाल पेनाची फुली आणि बाजूला बाईंच्या सुवाच्य अक्षरात, 'भू = पृथ्वी'. दहापैकी नऊ.

आठवीतल्या मुलीला दहापैकी नऊ मिळाले तर कोणाचा मामा तक्रार करत नाही. मीही केली नसती. पण पोरगी पेपर घेऊन वर आली आणि म्हणाली, "मामा, तुम्ही खाणीत हादरेच मोजता ना? मग सांगा, मी चुकली का?" आता धंद्यावरच आलं म्हटल्यावर गप्प बसणं शक्य नव्हतं. मी नागपूरच्या आसपासच्या कोळसा खाणींमध्ये सुरुंगांचे हादरे मोजतो. सुरुंग उडाला की शेजारच्या गावातल्या घरांपर्यंत जमीन किती हलली, त्याचा आकडा कागदावर उतरवून द्यायचा, एवढंच माझं काम. मंगळाशी संबंध शून्य, असं तोवर तरी मला वाटत होतं.

चाचणी का झाली

4 डिसेंबर 2024, बुधवार, सकाळचे 7 वाजून 27 मिनिटं. तेलंगणातल्या मुलुगूजवळ 5.3 तीव्रतेचा भूकंप झाला, जमिनीखाली सुमारे 40 किलोमीटरवर. तिथून नागपूर सरळ रेषेत सव्वातीनशे किलोमीटर. आमचं घर नंदनवनात, आम्ही वरच्या मजल्यावर, बहिणीचं बिऱ्हाड खाली. आई देवघरासमोर बसली होती. टांगलेला लामणदिवा एका लयीत डुलायला लागला, तशी तिने मला हाक मारली, "काऊन रे, खाली ट्रक लागला का?"

ट्रक नव्हता. ट्रकने भांडी खणखणतात, काचा थरथरतात, दिवा असा झोका घेत नाही. हादरा लांबून आला की त्यातली बारीक, जलद थरथर वाटेतच विरते आणि मागे उरतो तो संथ हेलकावा. वरच्या मजल्यावर तो जास्त जाणवतो. खाली बहीण डबा भरत होती, तिला पत्ताच नाही.

त्या दिवशी शहरात दुसरा विषय नव्हता, आणि शाळेत बाईंनी लगेच भूकंपावर दहा गुणांची चाचणी घेतली. वेळ साधली, हे मान्य. चौथा प्रश्न मात्र फसला.

आधी बाईंची बाजू

'भू म्हणजे पृथ्वी' हे म्हणणं अगदीच हवेतलं नाही. मराठीत चंद्रावरच्या हादऱ्याला चंद्रकंप आणि मंगळावरच्या हादऱ्याला मंगळकंप म्हणतात. म्हणजे भाषेनेच वेगळी खोली काढून दिली आहे. त्या अर्थाने भूकंप पृथ्वीचाच.

पण 'भू' म्हणजे प्रत्येक वेळी अख्खा गोल नसतो. भूखंड, भूसंपादन, भूमापन, या शब्दांतला भू म्हणजे पायाखालची जमीन. नागपुरात प्लॉटच्या भानगडी पाहिलेल्या माणसाला हे वेगळं सांगायला नको. जमीन कंप पावली की भूकंप, असं धरलं तर जिथे जमीन आहे तिथे प्रश्न लागू होतो. गुरूला होत नाही, कारण गुरूवर उभं राहायला जमीनच नाही. वरून खाली वायूच, आणि आत दाबाने द्रव झालेला हायड्रोजन. शनीचंही तसंच.

शब्दाचं भांडण इथे संपवू. मुलीचा प्रश्न शब्दाचा नव्हताच.

प्लेटा नाहीत, तर हलतं काय?

तिने आधी विचारलं ते हे. शाळेत शिकवतात की पृथ्वीचं कवच प्लेटांमध्ये तुटलेलं आहे, त्या एकमेकींना घासतात आणि भूकंप होतो. मंगळावर आणि चंद्रावर अशा सरकणाऱ्या प्लेटा नाहीत. मग?

उत्तर आपल्याच अंगणात आहे. किल्लारी, 30 सप्टेंबर 1993, पहाटेचे 3:56, तीव्रता 6.2, दहा हजारांच्या घरात माणसं गेली. किल्लारी कुठल्या प्लेटेच्या कडेला आहे? कुठल्याच नाही. 1997 च्या मे महिन्यात जबलपूरला भूकंप झाला, ते नाही. मुलुगू नाही. ही सगळी ठिकाणं भारतीय प्लेटेच्या आत आहेत, कडेपासून शेकडो किलोमीटर लांब. प्लेटांच्या कडा ही भूकंपांची सगळ्यात गर्दीची जागा, एवढंच खरं. हादऱ्याला लागतात दोनच गोष्टी. एक, तुटण्याइतका कडक खडक. दोन, त्याच्यावर साचत जाणारा ताण. ताण कुठून येतो याची खडकाला पर्वा नसते.

चंद्रावर तो पृथ्वीच्या ओढीमुळे येतो. आपल्या समुद्राला भरती-ओहोटी येते तशी चंद्राच्या घट्ट अंगालाही येते, आणि सातशे ते अकराशे किलोमीटर खोलीवरचे ठरावीक भाग महिन्याच्या चक्रात पुन्हा पुन्हा कुरकुरतात. पृथ्वीवर सातशेच्या खाली भूकंप जवळजवळ होत नाहीत, चंद्रावरचे हे खोल कंप तिथून सुरू होतात. शिवाय चंद्र आतून निवतोय, आक्रसतोय. वाळत्या लिंबावर सुरकुत्या पडाव्यात तशा त्याच्या पृष्ठभागावर चढउतार झाले आहेत. बुधावर तर असे कडे शेकडो किलोमीटर लांबीचे आहेत. मंगळही निवतोच आहे, आणि त्याच्या सर्बेरस फॉसी नावाच्या भेगांच्या पट्ट्यात हालचाल अजून चालू आहे. तिथल्या ज्वालामुखीच्या खुणा भूगर्भाच्या हिशेबात अगदी ताज्या आहेत.

"म्हणजे होऊ शकतात," भाची म्हणाली. "पण होतात हे कोणी पाहिलं?"

इथून प्रकरण माझ्या टेबलावर आलं.

जीपच्या बॉनेटवर ठेवलेलं यंत्र

आमच्या धंद्यात नवीन पोराला पहिल्या दिवशी एकच गोष्ट शिकवतात: जिओफोन, म्हणजे हादरे टिपणारं यंत्र, जमिनीला घट्ट बसव. खिळा माती पकडतो का बघ, नाहीतर वर वाळूची पिशवी ठेव. यंत्र सैल बसलं तर ते जमीन मोजत नाही, स्वतःलाच मोजतं.

1976 मध्ये अमेरिकेची व्हायकिंग याने मंगळावर उतरली, दोन्हींवर कंपमापक होते. पहिल्या यानातला मापक प्रवासासाठी कुलूपबंद केला होता, ते कुलूप उघडलंच नाही. दुसऱ्यातला चालला, पण तो होता यानाच्या अंगावर, आणि यान उभं होतं तीन पायांवर. वारा आला की यान हलायचं, यान हललं की मापक लिहायचा. महिनोन्महिने त्याने मुख्यतः मंगळाचा वारा नोंदवला. जीपच्या बॉनेटवर यंत्र ठेवून सुरुंग मोजण्याचा हा प्रकार. त्या काळी वजनाची आणि पैशाची ओढाताण असणार, मला कळतं, तरी वाचताना जीव चुटपुटतो.

हे भाचीला नुसतं सांगून पटलं नसतं. ऑफिसचं यंत्र घरी आणता येत नाही, म्हणून जुन्या मोबाइलवर फायफॉक्स नावाचं मोफत ॲप टाकलं. फोनच्या आतला त्वरणमापक काय म्हणतो ते त्यात आलेखावर दिसतं. खाली बहिणीच्या घरी पहिल्यांदा फोन गादीवर ठेवला. भाचीने जमिनीवर उड्या मारल्या, आलेख ढिम्म. ती गादीच्या कडेला बसली मात्र, तर आलेखावर डोंगर. मग फोन टेबलावर. टेबलाचा एक पाय आखूड आहे, त्यामुळे पंखा लावला तरी आलेख नाचायचा. शेवटी कोपऱ्यातल्या फरशीवर फोन उताणा ठेवून त्याच्यावर पाच किलो तांदळाची पिशवी ठेवली. आता उडी स्पष्ट दिसली, पंखा गायब झाला, आणि मोरीतली वॉशिंग मशीन पिळायला लागली की तिची सारख्या अंतराची दातेरी रेघ उमटायची.

"व्हायकिंग गादीवर होता," भाची म्हणाली. मी वीस मिनिटं लावली असती ते तिने तीन शब्दांत संपवलं.

2018 च्या इनसाइट मोहिमेने तांदळाची पिशवीच वापरली, असं म्हणायला हरकत नाही. 26 नोव्हेंबर 2018 ला यान एलिसियम मैदानावर उतरलं. डिसेंबरात त्याच्या यांत्रिक हाताने कंपमापक उचलून थेट मंगळाच्या जमिनीवर ठेवला, आणि फेब्रुवारी 2019 मध्ये वारा व तापमानाच्या चढउतारापासून आडोसा म्हणून त्याच्यावर टोप उपडा घातला. हा मापक फ्रान्सच्या पुढाकाराने बनला होता. त्याच्या निर्वात डब्याला बारीक गळती लागली म्हणून 2016 चं उड्डाण दोन वर्षं पुढे गेलं होतं. एका सीलपायी दोन वर्षं! खाणीतल्या माणसाला याचं नवल वाटणार नाही.

6 एप्रिल 2019 ला पहिला मंगळकंप पकडला गेला. डिसेंबर 2022 मध्ये सौरपट्ट्यांवर धूळ साचून यान बंद पडलं, तोवर 1300 हून जास्त नोंदी झाल्या होत्या. तरीही वाऱ्याने पिच्छा सोडला नाही. दिवसा वारा असला की बारीक कंप बुडून जायचे, आणि बऱ्याच चांगल्या नोंदी मंगळावरच्या शांत संध्याकाळच्या आहेत. आम्हीही घरचा फोन रात्रीच लावायचो, आईची माळ संपल्यावर.

भूकंप की सुरुंग?

या प्रकरणाचा गाभा माझ्या मते इथे आहे, आणि तो नागपूरकरांच्या ओळखीचा आहे. 2024 च्या मे महिन्यात जिल्ह्यात अडीचच्या आसपास तीव्रतेचे हलके धक्के नोंदले गेले, तेव्हा हा भूकंप की खाणीतला सुरुंग यावर चहाच्या टपऱ्यांपासून पेपरांपर्यंत चर्चा रंगली. मला इतके फोन आले की शेवटी उचलणंच सोडलं.

फरक असतो. सुरुंग जमिनीलगत उडतो आणि खडकाला सगळ्या बाजूंनी बाहेर ढकलतो. भूकंपात भेगेच्या दोन बाजू एकमेकींवरून घसरतात. हादऱ्याच्या दोन लाटा असतात, एक पुढे, एक मागून. म्हणून भूकंपात दुसरी, आडवी हलवणारी लाट जोरकस असते, सुरुंगात ती बहुधा दुबळी. आणखी एक साधी खूण म्हणजे घड्याळ. सुरुंगाला वेळ ठरलेली असते, आधी सायरन होतो. भूकंप सायरन देत नाही.

मंगळावर सुरुंग कोण लावणार? उल्का. 24 डिसेंबर 2021 ला इनसाइटने 4 तीव्रतेचा हादरा टिपला. नंतर कक्षेतल्या यानाच्या फोटोंत ॲमेझॉनिस मैदानावर सुमारे 150 मीटर रुंदीचा ताजा खड्डा सापडला, भोवती बर्फाची ढेकळं उडालेली. कंप आणि खड्डा जुळले. माझ्यासारख्याला हेवा वाटावा असा पुरावा!

मग 4 मे 2022. तीव्रता 4.7, मंगळावर नोंदलेला सगळ्यात मोठा. पृथ्वीवर 4.7 म्हणजे पेपरातली कोपऱ्यातली बातमी. मंगळावर त्याचे पडसाद सहा तासांहून जास्त वेळ ऐकू येत होते. लाटांचा आकार उल्केच्या हादऱ्यांसारखा वाटत होता, म्हणून शंका आली. उल्का असेल तर किमान तीनशे मीटरचा खड्डा पडलाच पाहिजे. मंगळाभोवती फिरणाऱ्या यानांच्या संस्थांनी मिळून शोध घेतला. अमेरिका, युरोप, चीन, संयुक्त अरब अमिराती आणि आपली इस्रो, सगळ्यांनी फोटो तपासले. सुमारे साडेचौदा कोटी चौरस किलोमीटरचा पृष्ठभाग, आणि खड्डा नाही. 2023 मध्ये निष्कर्ष जाहीर झाला: हादरा आतला, कवचातला ताण मोकळा झाल्याचा.

चाचणीत विचारलेल्या वाक्याला यापेक्षा चोख 'चूक' मला देता येत नाही. इथे कोणी भूकंप दिसला म्हणून मोकळं झालं नाही. सुरुंग नाही हे आधी सिद्ध केलं, मगच नाव दिलं.

भाचीला मात्र दुसरीच गोष्ट आवडली. इनसाइटजवळ एकच मापक होता, मग कंप किती लांब झाला हे कसं कळायचं? आमची खाणीतली जुनी युक्ती तिला दाखवली. पहिली लाट जलद असते, दुसरी तिच्या मागून येते. दोघींमधले सेकंद मोजा, आठने गुणा, ढोबळ किलोमीटर मिळतात. मुलुगूसाठी तिने उलटं गणित केलं: 325 भागिले 8, म्हणजे चाळीसएक सेकंद. "मग आजीने पहिली थरथर सोडून दुसरी पाहिली," ती म्हणाली. दिवा डुलला तो दुसऱ्या लाटेने आणि तिच्या मागून येणाऱ्या लाटांनी, हे बहुतेक खरं असावं. आठ हा आकडा पृथ्वीच्या खडकांचा आहे. मंगळाचे खडक वेगळे, तिथे गुणक बदलतो, युक्ती तीच. याच पद्धतीने अंतर, आणि पहिल्या लाटेने जमीन कुठल्या बाजूला हलवली त्यावरून दिशा काढून 2019 मधले दोन ठसठशीत कंप सर्बेरस फॉसीच्या पट्ट्यात नेऊन बसवता आले.

चंद्राचा घडा

चंद्राचा पुरावा तर मंगळाहून जुना. अपोलोच्या अंतराळवीरांनी 1969 ते 1972 मध्ये कंपमापक मांडले. ते 30 सप्टेंबर 1977 ला बंद करेपर्यंत बारा हजारांहून जास्त नोंदी झाल्या. त्यात उथळ चंद्रकंप मोजून 28, पण तेच दणकट, त्यांतले मोठे पाच तीव्रतेच्या वर. 20 नोव्हेंबर 1969 ला अपोलो 12 चा रिकामा भाग मुद्दाम चंद्रावर आपटला, तेव्हा चंद्र जवळपास तासभर थरथरत राहिला. आत पाणी नाही, वरचं कवच कोरडं आणि चुरा झालेलं, त्यामुळे लाटा इकडून तिकडे आपटत राहतात, विझत नाहीत. आई म्हणाली, कोरड्या माठावर टिचकी मार नि भरलेल्या माठावर मार. उपमा शंभर टक्के बरोबर नाही, पण माझ्या पाऊण तासाच्या व्याख्यानापेक्षा बरी.

आणि आपलं चांद्रयान 3. 23 ऑगस्ट 2023 ला विक्रम उतरला, त्याच्यासोबत इल्सा नावाचा कंपमापक होता. त्याने 190 तास ऐकलं, अडीचशेहून जास्त खुणा टिपल्या. त्यांतल्या दोनशेच्या आसपास प्रज्ञान रोव्हरच्या चालण्याशी आणि इतर उपकरणांच्या हालचालींशी जुळल्या. राहिल्या पन्नासेक. त्या कशाशीच जुळल्या नाहीत. काही चंद्राच्या स्वतःच्या असतील, छोट्या उल्का असतील, जमीन तापण्या-निवण्याची तडतड असेल.

शुक्राचं लवकर आटोपतो. तिथे पृष्ठभागावर 460 अंशांच्या घरात तापमान. 1982 मध्ये सोव्हिएत संघाच्या व्हेनेरा 13 आणि 14 या यानांवर कंपमापक होते, पण याने एक-दोन तासांतच गारद झाली. चौदाव्याने दोन बारीक हादरे टिपले असावेत, पण खात्रीने कोणी सांगत नाही. शनीच्या टायटन उपग्रहाकडे 2028 मध्ये ड्रॅगनफ्लाय निघणार आहे, कंपमापकासह. तेव्हा भाची कॉलेजात असेल.

निकाल

भाची एका पानावर सगळं लिहून शाळेत गेली. मी सोबत गेलो नाही, मामाने शाळेत जाऊन गुणासाठी भांडणं बरं दिसत नाही. बाईंनी पान पूर्ण वाचलं म्हणे. मग म्हणाल्या, "अगं, मला शब्दाचा अर्थ तपासायचा होता. चंद्रकंप लिहिलं असतंस तर प्रश्नच नव्हता." आणि फुलीच्या शेजारी अर्धा गुण दिला. साडेनऊ.

"अर्धा कशाचा?" भाची घरी येऊन म्हणाली. "मंगळाचा दिला आणि चंद्राचा कापला?"

तांदळाची पिशवी मात्र कोपऱ्यात राहिली. बहीण भाताला दुसऱ्या डब्यातले तांदूळ काढून राहिली आहे, आणि वहीत तीन रकाने आखले आहेत: वेळ, खूण, कारण. पंधरा दिवसांत 43 खुणा. कारणाच्या रकान्यात 'मशीन', 'आजी जिन्यावर', 'सिलेंडरवाले काका', 'शेजारचं दार', 'मी'. पाच ठिकाणी मी 'ट्रक' लिही म्हणालो होतो. रात्री दोन वाजता आपल्या गल्लीत ट्रक येतो का, असं तिने विचारलं. येत नाही. त्या पाच ओळींत तिने पेन्सिलीने लिहिलं आहे, 'माहीत नाही', आणि पुढे जागा सोडली आहे.